‘दीर्घ श्वास’ पाठ आहे, पण राग आवरत नाही

नमस्कार. मी नागपुरात मानेवाडा परिसरातील एका शाळेत गेल्या वर्षीपासून समुपदेशिका आहे. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक तुकडीसाठी मला आठवड्यातून ४० मिनिटांचा एक तास मिळतो आणि वर्गात ५५ ते ६० मुले असतात. राग, भीती, परीक्षेचा ताण यांना तोंड कसे द्यावे, हे मी प्रोजेक्टरवर चित्रे दाखवून शिकवले. ‘राग आला तर काय करायचे?’ असे विचारले की सगळा वर्ग एका सुरात ‘दीर्घ श्वास घ्यायचा’ असे म्हणतो आणि दहा मिनिटांनी मधल्या सुट्टीत तीच मुले एकमेकांची कॉलर धरतात. माझ्या तासाला मुले ‘फ्री पिरियड’ म्हणतात. सहावीत एक मुलगा आहे. चाचणीची प्रश्नपत्रिका हातात पडली की तो कान झाकून बाकाखाली जाऊन बसतो. मुख्याध्यापकांना अहवालासाठी फोटो काढता येतील असे उपक्रम हवे आहेत. मुलांना गुंतवून ठेवतील आणि खरोखर उपयोगी पडतील असे उपक्रम सुचवाल का?
एक शालेय समुपदेशिका, नागपूर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ‘एका सुरात’ या शब्दांपाशी मी थांबले. साठ मुले एका सुरात उत्तर देतात, म्हणजे त्यांना ते पाठ झाले आहे. अंगवळणी मात्र पडलेले नाही. राग आलेल्या क्षणी मेंदूतील धोक्याची सूचना देणारा भाग इतक्या वेगाने कामाला लागतो की विचार करून निवड करणारा, कपाळामागचा भाग मागे पडतो, आणि हा पुढचा भाग तर अकरा-बारा वर्षांच्या मुलांत अजून घडतच असतो. अशा वेळी मुलाच्या हातून तेच होते, जे त्याने शांत असताना पुष्कळदा करून पाहिलेले असते. नुसते ऐकलेले किंवा पडद्यावर पाहिलेले त्या वेळी उपयोगी पडत नाही. म्हणून मारामारीच्या वेळी मुलांना श्वास आठवत नाही, यात त्यांची बेशिस्त शोधू नका आणि स्वतःचे अपयशही मानू नका. सराव झालेला नाही, इतकेच.

उपक्रम निवडताना मी एकच कसोटी लावते. हे कौशल्य मुलाला माझ्याविना, साहित्याविना, शेजारच्याच्या लक्षात न येता, भर गोंगाटात वापरता येईल का? या कसोटीला मी स्वतः नापास झालेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी वर्गात चमकीची बाटली नेली होती. पाण्यात चमकी हलवायची, ती तळाशी बसेपर्यंत पाहत राहायचे आणि मन तसेच शांत होते असे सांगायचे, हा तो लोकप्रिय उपक्रम. मुले हरखून गेली, बाटली कोणी हलवायची यावरून दोघांची जुंपली, काचेची बाटली फुटली आणि पुढचे आठ दिवस वर्गाच्या फरशीवर चमकी चमकत राहिली. त्याहून वाईट म्हणजे नंतर आणलेली प्लॅस्टिकची बाटली माझ्या कपाटात कुलूपबंद असे आणि मुलांचे राग मैदानावर असत. तेव्हापासून साहित्य जितके कमी तितका उपक्रम चांगला, या मताची मी झाले आहे. दुसरे असे की वर्षभरात वीस नवे उपक्रम घेण्यापेक्षा चार-पाच कौशल्ये निवडून त्यांचाच पुनःपुन्हा, निरनिराळ्या रूपांत सराव घेणे अधिक फलदायी ठरते. मुलांना तेच तेच कंटाळवाणे वाटेल ही भीती बहुतेक वेळा आपली असते. लगोरी ती रोज तीच खेळतात.

सुरुवात भावनेला नाव देण्यापासून करा, आणि त्यासाठी आपल्या शहराने एक उत्तम साधन दिले आहे, ते म्हणजे तापमान. नागपूरच्या मुलांना आकड्यांवरून उन्हाळा कळतो. २८ अंश म्हणजे पावसाळी सुखद सकाळ, ४२ म्हणजे कूलरसमोरून हलायचे नाही आणि ४७ म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही; २०१३ च्या मे महिन्यात तर आपण ४७.९ अंशांपर्यंत जाऊन आलो आहोत. फळ्यावर २५ ते ४८ असा एक उभा पारा काढा आणि प्रत्येकाला रफ वहीच्या मागच्या पानावर तो काढायला सांगा. मग प्रसंग द्या: कंपासपेटीतले पेन न विचारता कोणी घेतले, मैदानावर संघ निवडताना तुझे नाव शेवटी आले, बाबांनी प्रगतिपुस्तक सर्वांसमोर वाचले. प्रत्येक मुलाने आपला पारा किती चढला ते लिहायचे. एकाच प्रसंगाला शेजारी ३० लिहितो आणि आपण ४५ लिहिले, हे पाहून मुलांना जे आश्चर्य वाटते, तोच त्या तासाचा गाभा आहे. कोणाचाही आकडा दुरुस्त करू नका. ‘एवढ्याशा गोष्टीला ४५ कशाला?’ हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा निघाले की पुढे सगळी मुले तुम्हाला आवडतील असेच आकडे देऊ लागतील.

आकड्यानंतर शब्द. आमच्या मुलांकडे दोनच शब्द असतात, ‘टेन्शन’ आणि ‘राग’. फार तर एखादा म्हणतो, ‘मॅडम, डोस्कं फिरून रायलं.’ त्याची भाषा सुधारण्याच्या मागे न लागता डोके फिरते म्हणजे शरीरात नक्की कुठे काय होते, ते विचारा. पोटात गोळा येतो, कान तापतात, हात शिवशिवतात, घसा दाटतो, छातीत धडधडते. शरीराची ही खूण सर्वांत आधी येते, आणि ती ओळखता आली तर पारा ३८ वर असतानाच काही करता येते. ४७ वर गेल्यावर कोणतेही कौशल्य चालत नाही. मग एकेक शब्द वर्गात आणा: खट्टू होणे, हिरमुसणे, ओशाळणे, धास्ती, हुरहुर, चडफड, रुसवा, कानकोंडे होणे. आपली भाषा या बाबतीत श्रीमंत आहे आणि आपण मुलांना ‘हॅपी, सॅड, अँग्री’चे हसरे-रडवे गोल देऊन मोकळे होतो, याची मला नेहमी खंत वाटते. ज्या मुलाला आपण चिडलो नसून ओशाळलो होतो असे म्हणता येते, त्याला कॉलर धरण्याखेरीज दुसरे काही सुचण्याची शक्यता वाढते.

याच पाऱ्याला जोडून मोठ्या मुलांसाठी आणखी एक धडा घेता येतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते. देशभर बातमी झाली आणि नंतर संवेदकात बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. सातवीच्या मुलांना ही गोष्ट सांगा आणि विचारा की आपल्या आतले यंत्रही कधी ५६ दाखवते का? तोंडी परीक्षेत नाव पुकारले गेले की समोर वाघ उभा असल्यासारखे हृदय धडधडते. ऊन खरोखरच असते, पण ५६ नसते. ‘यंत्र तपासा’ हा आमच्या वर्गातला परवलीचा शब्द झाला होता. मनात आलेला विचार लिहायचा, त्याच्या बाजूचा एक पुरावा आणि विरुद्धचा एक पुरावा शोधायचा आणि आकडा पुन्हा लिहायचा. आकडा थोडासाच उतरतो, पण तो उतरतो हे मुलाने स्वतः पाहिलेले असते. येथे एक पथ्य पाळा. प्रत्येक भीतीला बिघाड ठरवू नका. काही मुलांच्या घरी पारा खरोखरच ४७ असतो. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुमच्या ‘दीर्घ श्वासा’कडे वळू. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. ‘दीर्घ श्वास घे’ असे म्हटले की मुले खांदे उचलून छाती फुगवतात आणि श्वास कोंडून धरतात, त्याने अस्वस्थता वाढूही शकते. शांत करणारा भाग आहे तो लांब उच्छ्वासाचा, कारण श्वास बाहेर सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. हे शिकवायला आपल्याकडे तर्रीपोहे आहेत. दोन्ही तळव्यांची बशी करायची, वाफाळत्या तर्रीपोह्यांचा वास नाकाने हळूच घ्यायचा आणि मग जीभ भाजू नये म्हणून फुंकर घालत राहायचे, तीन अंक मोजत आत आणि पाच किंवा सहा अंक मोजत बाहेर. फुंकर इतकी हलकी हवी की शेव उडाली नाही पाहिजे. पाचवीची मुले हे अक्षरशः दिवसभर करतात. सातवीच्या मुलांना ते बालिश वाटते; त्यांच्यासाठी जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर चेंडूचा सामना करण्याआधी फलंदाज काय करतो, इथून सुरुवात करा. तो हातमोजा नीट करतो, क्रीजपासून दोन पावले दूर जातो, श्वास सोडतो आणि मग उभा राहतो. ‘तुझा चेंडू येण्याआधीचा ठरलेला क्रम कोणता?’ असे विचारले की तीच सातवीची मुले गंभीरपणे आपापला क्रम बसवू लागतात. डोळे मिटण्याची सक्ती कधीही करू नका. ज्यांनी मार खाल्लेला आहे किंवा ज्यांना दम्याचा त्रास आहे, अशा काही मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्याने अधिकच घाबरल्यासारखे होते. त्यांना पायाचे तळवे जमिनीवर दाबायला किंवा खिडकीबाहेरची हिरवी वस्तू शोधायला सांगा.

स्नायू ताणून सैल सोडण्याचा व्यायाम एडमंड जेकबसन या अमेरिकी वैद्यकाने १९२० च्या दशकात मांडला. विदर्भातल्या मुलांना तो तान्ह्या पोळ्यावरून, म्हणजे लहान मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्यावरून शिकवावा. लाकडी नंदी घेऊन घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागितलेल्या मुलाला ‘लाकडी बैल हो’ म्हटले की तो क्षणात मान, खांदे, मुठी ताठ करतो. पाच अंक मोजा. मग ‘जू काढले’ म्हणा आणि खांदे सोडायला लावा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, म्हणजे त्यांचे खांदे चोळतात, तशी स्वतःच्या खांद्यांना स्वतःच्या हातांनी करायला सांगा. ताठ आणि सैल यांतला फरक एकदा अंगाला कळला की मूल बाकावर बसल्या बसल्या नुसत्या मुठी आवळून सोडूनही ते करू शकते. हा उपक्रम पाचवीपुरताच ठेवा, असे मी अनुभवाने सांगते.

फोटोंची गरज भागवायची असेल, तर संत्र्याच्या मोसमात एक तास ठेवा. दोघांत एक संत्रे पुरते. मन भूतकाळातल्या भांडणात किंवा उद्याच्या परीक्षेत अडकले की पंचेंद्रियांच्या मदतीने त्याला आत्ताच्या क्षणी परत आणायचे, हे त्यामागचे सूत्र. आधी फक्त पाहायचे, सालीवरचे बारीक खड्डे शोधायचे. मग डोळे उघडे ठेवूनच अंगठ्याने चाचपायचे, साल सोलतानाचा आवाज ऐकायचा, वास घ्यायचा आणि शेवटी एक फोड जिभेवर ठेवून दहा अंक मोजेपर्यंत चावायची नाही. साल पिळून तिचा फवारा शेजाऱ्याच्या डोळ्यात उडवण्याची नागपुरी परंपरा तुम्हाला ठाऊक असेलच, तेव्हा तिचा बंदोबस्त आधी करा. त्या तासाचा खरा उपयोग मात्र पुढच्या आठवड्यात आहे, जेव्हा संत्रे नसेल. हाताशी काय आहे? खोडरबर, चप्पलचा पट्टा, दप्तराची चेन. त्यांच्यावर हेच करून पाहायला लावा, नाहीतर तो तास केवळ खाऊचा ठरेल.

यानंतर मी ज्याला सर्वांत अधिक महत्त्व देते, तो उपक्रम आहे काळजीची मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे स्त्रीरूपी पुतळे, मिरवत निघतात, बडगे म्हणजे पुरुषरूपी पुतळे निघतात आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा पुकारा होतो. शंभराहून अधिक वर्षांची ही रीत मुलांनी इतवारी-महालच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली असते. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन या समुपदेशकांनी मांडलेला एक विचार आहे की अडचण म्हणजे माणूस नव्हे, अडचण माणसाबाहेरची एक वस्तू मानली की तिच्याशी बोलता येते, तिला नाव देता येते, तिला थोडे लांब उभे करता येते. मारबतीत नेमके हेच होते. ‘मी भित्रा आहे’ असे म्हणणारे मूल भीतीचा एक बडगा करते, त्याला मिशा काढते, नाव देते, आणि भीती व आपण वेगळे आहोत हे त्याच्या लक्षात येते. जुनी वर्तमानपत्रे, खळ आणि काड्या एवढे साहित्य पुरते. गटागटाने केले तर ४० मिनिटांच्या दोन तासांत होते.

मात्र चार गोष्टी आधी ठरवून घ्या. कोणत्याही व्यक्तीचा बडगा करायचा नाही; वर्गातल्या मुलाचा नाही, शिक्षकांचाही नाही. त्याला बदडायचे नाही. राग उशीवर किंवा पुतळ्यावर काढला की मोकळे वाटते, ही समजूत फार रुजलेली आहे, पण ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, राग आणणाऱ्या व्यक्तीला मनात ठेवून बॅगवर ठोसे मारणारे लोक शांत बसलेल्यांपेक्षा अधिक चिडलेले आढळले. मारबतीची मिरवणूक काढा, पुकारा करा, मारझोड टाळा. शाळेत जाळूही नका; बादलीतल्या पाण्यात कागद भिजवून लगदा करा. तिसरी गोष्ट चिठ्ठ्यांची. मुले आपापली काळजी चिठ्ठीवर लिहून मारबतीच्या पोटात टाकतात. त्या चिठ्ठ्या तुम्ही वाचणार आहात की नाही, हे लिहिण्याआधी स्पष्ट सांगा आणि शब्द पाळा. मी सांगत असे की चिठ्ठी कोणी वाचणार नाही, पण ज्याला माझ्याशी बोलायचे आहे त्याने आपली चिठ्ठी मारबतीत न टाकता कोपरा दुमडून माझ्या हातात द्यावी. एका वर्गात अशा सात चिठ्ठ्या आल्या होत्या आणि त्यांतल्या दोन पुढचे काही महिने मला पुरल्या.

चौथी गोष्ट हीच, आणि येथे उपक्रमाचा रंग उतरतो. सगळ्या काळज्या मारबतीबरोबर पाठवायच्या नसतात. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग वेगळे करून दाखवले: परिस्थिती बदलता येण्यासारखी असेल तर ती बदलणे आणि बदलता येण्यासारखी नसेल तेव्हा मनातली खळबळ हाताळणे. मुलांना चिठ्ठ्यांचे दोन ढीग करायला शिकवा, ‘जाऊ दे’ आणि ‘काहीतरी करू’. पाऊस पडून सहल रद्द झाली, हे पहिल्या ढिगातले. गणिताचा अपूर्णांक समजत नाही, हे दुसऱ्या ढिगातले, त्यासाठी फुंकर घालत बसण्यात अर्थ नाही, शिक्षकांकडे जायला हवे. आणि एखादा मोठा माणूस नको तिथे हात लावतो, घरी पट्ट्याने मार बसतो, व्हॅनमधली मोठी मुले रोज पैसे काढून घेतात, या तर मुलाने एकट्याने हाताळायच्या गोष्टीच नव्हेत. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार तुमच्यावर बंधनकारक आहे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन त्यामुळे मुलाला कधीही देऊ नये. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना पाढ्यासारखा पाठ असावा. एका सुरात म्हटला तरी माझी हरकत नाही.

याच ओघात एक अप्रिय गोष्ट लिहिते. मुलांच्या ताणाचे कारण जर शाळेतच असेल, म्हणजे कोणी शिक्षक छडी वापरत असतील किंवा गुणांवरून सर्वांसमोर पाणउतारा होत असेल, तर त्या मुलांना श्वास शिकवणे हा आपल्या व्यवसायाचा गैरवापर आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेली आहे. अशा वेळी तुमचा उपक्रम मुख्याध्यापकांच्या दालनात घ्यावा लागतो. तो सोपा नसतो आणि त्याचे फोटोही येत नाहीत.

मदत मागणे हेही एक कौशल्य आहे, आणि ते शिकवायला विषामृतासारखा खेळ नाही. मैदानावर न्या आणि दहा मिनिटे खेळू द्या. मग वर्तुळात बसवून विचारा की विष लागून थिजल्यावर तू कोणाला हाक मारलीस, आणि अमृत द्यायला कोण धावले? हमखास असे दिसते की काही मुले हाक न मारता तशीच उभी राहतात आणि खेळ संपतो. त्यांची नावे मनात टिपून ठेवा. वर्गातही बहुधा तीच मुले गप्प असतात. पुढच्या फेरीत नियम बदला: हाक मारल्याशिवाय अमृत मिळणार नाही, आणि हाक नाव घेऊनच मारायची. मग प्रत्येकाने वहीत तीन ‘अमृत’ माणसे लिहायची, एक घरातले, एक शाळेतले आणि एक बरोबरीचे. ज्याच्या वहीत एकही नाव येत नाही, त्याच्यासाठी तुमच्या दाराशी वेळ राखून ठेवा.

हे सारे करूनही आठवड्याच्या एका तासाने फारसे साधणार नाही, कारण सरावाला वारंवारता लागते. वर्गशिक्षकांना रोज एक मिनिट मागा, हजेरीच्या वेळी. ‘हजर’ म्हणण्याऐवजी मुलांनी पाऱ्याचा आकडा सांगायचा, नको असेल तर नुसते ‘हजर’ म्हणायचे, आणि परिपाठ संपताना सर्वांनी तीन फुंकरा घालायच्या. शिक्षकांच्या बैठकीत अर्धा तास मागून घ्या आणि त्यांना व्याख्यान न देता त्यांचाच पारा लिहायला लावा. पेपर तपासणीच्या आठवड्यात ते जे आकडे लिहितात, ते पाहिल्यावर तुमच्या तासाकडे ‘फ्री पिरियड’ म्हणून पाहणे बरेच कमी होते. खवळलेल्या मुलाला शांत माणूसच शांत करू शकतो, त्यामुळे या अर्ध्या तासाचे मोल मी संत्र्याच्या तासापेक्षा जास्त मानते. वर्गातला शांत कोपरा कोणी शिक्षेसाठी वापरू लागले, तर तो कोपरा त्याच दिवशी काढून टाका.

परिणाम मोजायचा झाला, तर लेखी प्रश्न नकोत. शुक्रवारी एवढेच विचारा की या आठवड्यात कुठे वापरलेस? ‘बहिणीने मोबाइल घेतला तेव्हा फुंकर घातली, तरी मारलेच, पण एकदाच मारले’ असे उत्तर मला एकदा मिळाले होते. मी त्याला शाबासकी दिली. फोटो हवेच असतील तर मारबतीचे, संत्र्याच्या सालींचे, फळ्यावरच्या पाऱ्याचे काढा. मुलांच्या चिठ्ठ्या आणि रडवेले चेहरे त्यात येऊ देऊ नका, हे मुख्याध्यापकांना आधीच लेखी कळवा.

झोप, भूक, बोलणे यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला बदल, शाळेत यायला सतत नकार, अंगावर ओरखडे किंवा ‘मी नसलो तर बरे’ अशी भाषा दिसली, तर उपक्रमांची वाट न पाहता त्याच दिवशी पालकांना बोलवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. आपल्याकडे मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांत ही सोय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, चोवीस तास बोलता येते.

आता तुमचा सहावीतला मुलगा. त्याला वर्गासमोरच्या कोणत्याही उपक्रमाचे उदाहरण करू नका. बाकाखाली जाणे आणि कान झाकणे ही त्याने स्वतः शोधलेली सावरण्याची रीत आहे. ती गैरसोयीची आहे, पण निरर्थक नाही. आधी कारण शोधा. एकांतात तीच प्रश्नपत्रिका त्याला वाचून दाखवा आणि उत्तरे तोंडी विचारा. उत्तरे येत असतील, तर वाचन-लेखनाची अडचण आहे का, डोळ्यांचा नंबर आहे का, हे तज्ज्ञांकडून तपासून घ्या. गुण कमी पडल्यावर घरी काय होते, हेही आई एकटी भेटेल अशा वेळी विचारा. त्यानंतर पायरीपायरीने जा. एका दिवशी फक्त कोरी उत्तरपत्रिका हातात घेऊन बसणे, दुसऱ्या दिवशी त्यावर नाव लिहिणे, मग त्याला येणारे दोनच प्रश्न असलेला कागद, मग पाच. प्रत्येक पायरीवर पारा त्याने लिहायचा आणि तो उतरल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही. वर्गशिक्षकांशी बोलून त्याला दाराजवळची जागा आणि एक पिवळे कार्ड द्या. कार्ड बाकावर ठेवले की कोणालाही न विचारता तीन मिनिटे बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचे, आणि परत आल्यावर कोणी काही विचारायचे नाही. पुढच्या चाचणीलाही तो कदाचित बाकाखाली जाईल. तेव्हा त्याला ओढून बाहेर काढू नका, शेजारी खाली बसा आणि तो किती वेळाने बाहेर आला ते घड्याळ पाहून टिपून ठेवा. बारा मिनिटांची आठ झाली, तर ते त्याला तारखांसह दाखवता आले पाहिजे.